आणखी काय राहिलं?

सुनंदाक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी बीदरच्या ऑफिसात तिचीच वाट बघत होते. भालकीहून येताना ती बसमध्येच कोसळली होती... दीड महिना होत आला, तरी दाराशी पावलं वाजली की माझी मान अजून वर होते.

आमचं काम साखर कारखान्यांना सॉफ्टवेअर करून देण्याचं. प्रोग्राम मी लिहायचे. त्याआधी लोकांत बसून त्यांचं काम नेमकं कसं चालतं ते काढून घेणं अक्काकडे. मूळची ठाणाकुशनूरची, मराठी, कन्नड, दख्खनी तिन्ही भाषांत सारखीच चिवट. बैठक संपून सगळे उठले तरी ही बसूनच राहायची आणि विचारायची, "आणखी काय राहिलं?" मला घरी जायची घाई असायची, मी चिडायचे. ती ढिम्म.

एवढं करूनही तिच्या घरचा ऊस जायचा त्या भालकीच्याच कारखान्यात घात झाला. तोडणीच्या पाळ्या आम्ही कॉम्प्युटरवर लावल्या, शेतकऱ्यांच्या फोनवर मेसेज जाऊ लागले, आणि पहिल्याच हंगामात, नुकताच बाप गेलेल्या एका शेतकऱ्याच्या शेतात तोडणीची टोळी जाऊन उभी राहिली. अशा घराची पाळी शेजाऱ्याने घ्यायची, ही तिथली रीत. इतक्या बैठका झाल्या, पण ती कुणी बोलून दाखवलीच नव्हती. अक्काने विचारलं तेव्हा शेतकी विभागातले अप्पाराव गोंधळून गेले. "त्यात काय सांगायचं असतंय अक्का? सगळ्यालाच म्हाईत हाय की." अक्का त्या घरी जाऊन माफी मागून आली आणि कित्येक दिवस नीट जेवली नाही. मग ऊस ज्याच्या नावावर त्या खातेदाराने घरात दुःख झाल्याचं कळवलं की पाळी पुढे जाईल, अशी सोय तिने माझ्याकडून हट्टाने करून घेतली. तेव्हाही तिने तोच प्रश्न विचारला. आता काही नाही, असं मी म्हटलं.

ती गेल्यावर तिच्या भावाकडे भेटायला गेले होते. आम्ही बसलेलो असतानाच कोनाड्यातला तिचा फोन वाजला. शेत तिच्या नावावर होतं. कारखान्याचा मेसेज होता: उद्या तोडणी, शेतात हजर राहावे. भावाने फोन माझ्या हातात दिला. "अक्काला कामून बोलवायलेत आता?" खातेदारच गेला तर कळवायचं कुणी, हे आम्हा दोघींना सुचलंच नव्हतं. मला रडू आवरेना. शेजाऱ्याने मात्र कुणाला न विचारता सकाळी टोळी आपल्या शेतात वळवली.

परवा भालकीत बैठक संपली. सगळे उठले, पण दाराकडे कुणी जाईना. तिची खुर्ची रिकामी होती. शेवटी कसंबसं मीच विचारलं, आणखी काय राहिलं? अप्पाराव त्या खुर्चीकडे बघत म्हणाले, "राहिलंय की लई, ताई. सांगावं कुणाला आता?" आणि पुन्हा खाली बसले.