पडायला शिकवलं मी, नाव झालं कराटेचं

"साठे, हे काय चाललंय? एका फॅक्टरीत दोन-दोन कराटे क्लास कशाला? एक बंद करा."

वर्क्स मॅनेजर मेहेंदळे हे बोलले, तेव्हा मी त्यांच्या टेबलासमोर उभा होतो. एका बाजूला वेल्फेअर ऑफिसर साठे, दुसऱ्या बाजूला टूलरूमचा तरुण फिटर विलास कर्णिक.

"साहेब, माझा क्लास कराटेचा नाही," मी म्हणालो. "मी ज्यूडो शिकवतो."

"तेच ते."

"तेच नाही साहेब. ज्यूडोत ठोसा नाही, लाथ नाही. समोरच्याला धरायचं, त्याचा तोल घालवायचा आणि त्याला पाडायचं. कराटेत मारायचं असतं."

"दोन्हीकडे माणूस खालीच पडतो ना? मग झालं." साहेबांनी पुढची फाइल ओढली. "दिवाळीनंतर ज्याच्याकडे हजेरी जास्त, तो क्लास ठेवा. कॅन्टीनमागची शेड एकालाच मिळेल."

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोमाटण्याच्या बाजूला आमची फॅक्टरी होती. लष्करातून निवृत्त होऊन मी तिथं सिक्युरिटी खात्यात इन्स्ट्रक्टर म्हणून लागलो होतो. वॉचमन लोकांची सकाळची परेड माझ्याकडे. लष्करात असताना मी ज्यूडो शिकलो होतो. साठेसाहेबांच्या मागे लागून लागून मी कॅन्टीनमागची शेड मिळवली. काथ्या भरलेल्या गाद्या शिवून घेतल्या, वर ताडपत्री ताणून बसवली आणि पहिली शिफ्ट सुटल्यावर क्लास सुरू केला. आसपासच्या पट्ट्यात असा क्लास दुसरा नव्हता. मला त्याचा फार अभिमान होता.

ज्यूडोत आधी पाडायला शिकवत नाहीत, पडायला शिकवतात. जपानी भाषेत त्याला उकेमी म्हणतात. हनुवटी छातीला चिकटवायची, म्हणजे डोकं आपटत नाही. पाठ चेंडूसारखी गोल करायची, खांद्यावरून लोळण घ्यायची आणि अख्खा हात जमिनीवर थाडकन मारायचा. मार सगळ्या अंगात वाटला जातो. माणूस पडताना नुसता तळहात टेकतो, म्हणून मनगट मोडतं. ती सवय घालवायलाच खूप दिवस लागतात.

पोरं कंटाळायची. परंदवडीचा तुकाराम नावाचा वॉचमन होता, शेतकऱ्याच्या घरचा, तालमीत वाढलेला. तो एकदा म्हणाला, "मास्तर, पडाय काय शिकायचं? त्ये आमाला आईच्या पोटातनंच येतंय. कराटे कवा शिकिवणार?"

"हे ज्यूडो आहे, तुकाराम."

"व्हय, त्येच. कवा शिकिवणार?"

अशात मुंबईच्या कारखान्यातून कर्णिकची आमच्याकडे बदली झाली. त्याच्याकडे कराटेचा ब्राऊन बेल्ट होता. ब्लॅकच्या एक पायरी खालचा. जेवणाच्या सुट्टीत तो टूलरूमच्या मागे एकटाच सराव करायचा. बघायला आधी दोघं-तिघं थांबायचे, मग गर्दी व्हायला लागली.

त्याच सुमारास लोणावळ्याच्या टॉकीजला हाँगकाँगचा मारामारीचा एक सिनेमा लागला. त्याची जाहिरात करणारा टांगा कार्ल्याच्या बाजूला भातखाचरांच्या कडेनं फिरत होता. मी बसची वाट पाहत उभा होतो. टांग्यातला माणूस भोंग्यातून ओरडत होता, "कराटे! कराटे! या, बघा, चिनी कराटे!"

दुसऱ्या दिवशी मी कर्णिकला विचारलं, "काय रे, चिनी कराटे असतं का?"

तो हसला. "नाही हो सर. कराटे जपानचं. सिनेमात आहे ते चिनी कुंग फू. पण टॉकीजवाल्याला तो शब्द जमला नसेल. मुंबईतही असंच. कुणी हात नुसता आडवा धरला तरी कराटे."

मी तुकारामलाही विचारलं, की तुम्ही सगळ्यालाच कराटे का म्हणता? त्यानं जरा विचार केला. "कसंय मास्तर, कुस्ती म्हंजी आपली. ती सोडून बाहीरची जी काय हाणामारी, ती कराटे. आता त्यात आणि येगळं काय करायचं?"

त्याचा हिशेब सरळ होता. माझी मात्र झोप उडाली होती.

खंडेनवमीला फॅक्टरीत मशिनींची पूजा झाली, झेंडूच्या माळा लागल्या आणि नंतर कार्यक्रम. आधी माझा. मी तुकारामला कमरेवरून उचलून टाकला. इतका स्वच्छ डाव मला एरवी क्वचितच साधला असेल. मागून आवाज आला, "मुद्दाम पडला रं!" मग कर्णिक आला. विटांवर ठेवलेली मंगलोरी कौलं त्यानं एका फटक्यात फोडली. शिट्ट्या, टाळ्या. लोकांनी कौलांचे तुकडे घरी नेले. प्रसादासारखे.

कौल उलटून मारत नाही, असं मी साठेसाहेबांना म्हणालो. ते कौलांकडेच बघत होते.

घरी आलो तर बायको म्हणाली, "अहो, तुमच्याकडे तो कौलं फोडणारा आलाय ना? शेजारच्या काकू विचारत होत्या, दिसायला कसा आहे?"

मी न जेवता उठलो.

माझा जळफळाट लपण्यासारखा नव्हता. आणि राग धरावा तर कर्णिक वाईट माणूसही नव्हता, हे त्याहून अवघड. भेटला की वाकून नमस्कार करायचा. पोरांना सांगायचा, "सरांकडे जा, पडायला शिका, मग माझ्याकडे या." पोरं त्याच्याकडेच राहायची. तो उद्धट असता तर मला किती सोपं गेलं असतं! साहेबांनी हजेरीची अट घातली ती त्यानंतर. माझ्या गाद्यांवर तेव्हा चार-दोन वॉचमन उरले होते. त्यांतला एक दगडू, कार्ल्याच्या वरच्या डोंगरवाडीतला. तोही, मला वाटतं, माझा चेहरा बघवत नव्हता म्हणून यायचा.

दिवाळीला थोडे दिवस असताना लोडिंगच्या फाटकाशी ते घडलं.

ट्रक माल भरून उभा होता. दगडू वर चढून ताडपत्रीचे दोर तपासत होता. ड्रायव्हरला वाटलं तो उतरला. त्यानं ट्रक एकदम पुढे काढला, झटका बसला आणि दगडू मागच्या मागे खाली आला. खाली सिमेंटचा कोबा. मी फाटकातच होतो.

दगडूची हनुवटी छातीला गेलेली मला दिसली. पाठ गोल झाली, हात थाडकन कोब्यावर बसला, खांद्यावरून लोळण घेऊन तो बाजूला गेला आणि उठून बसला.

"दगडू! डोकं? डोक्याला लागलं का?"

"न्हाई मास्तर. हात लय झिणझिणतोय."

हात कोपरापर्यंत सुजला, खांदा खरचटला. बाकी काही नाही. फॅक्टरीच्या डॉक्टरांनी त्याला दोनदा तपासलं. तोवर सगळं लोडिंग खातं गोळा झालं होतं आणि एकच शब्द फिरत होता, "कराटे! कराटेनं वाचला!" मेहेंदळेसाहेबांनी वरच्या खिडकीतून सगळं पाहिलं होतं. त्यांनी निरोप पाठवला, "कर्णिकला बोलवा."

मला कुणी बोलावलं नव्हतं. मी गेलो.

"शाब्बास," साहेब कर्णिकचा हात हातात घेऊन म्हणाले. "तुझ्या कराटेनं आज माझा माणूस वाचवला."

"साहेब, ते कराटे नव्हतं," कर्णिक म्हणाला. "ती ज्यूडोची उकेमी. दगडू माझ्याकडे एकदाही आलेला नाही. तो सरांचा विद्यार्थी. श्रेय सगळं त्यांचं."

माझा ऊर भरून आला. क्षणभरच. साहेब साठेंकडे वळून म्हणाले, "पाहिलंत? याला म्हणतात नम्रपणा. एवढा गुणी मुलगा, पण श्रेय घेत नाही."

"साहेब, नम्रपणा नाही, खरंच..."

"कळलं रे, कळलं." साहेब खूश होते. "दोन्ही क्लास एक करा. वॉचमन आणि लोडिंगवाले, सगळ्यांना सक्तीचा. कराटेचा प्रमुख कर्णिक. हे मास्तर पडण्याचा भाग घेतील."

कर्णिकनं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "सर, मी परत जाऊन सांगतो."

"नको," मी म्हणालो. "आणखी नम्र ठरशील."

दिवाळीनंतर शेडवर पाटी लागली, 'कराटे क्लास'. आतल्या गाद्या माझ्याच. पहिल्या दिवशी शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. दगडू हात गळ्यात बांधून बघायला आला होता. त्यानं माझ्या पायांना हात लावला. "मास्तर, तुमच्यामुळं जगलो. तुमचं कराटे लय भारी."

मी त्याला उठवलं आणि सगळ्यांना गाद्यांवर ओळीनं बसवलं. हनुवटी छातीला.

पुढे कर्णिक मुंबईला परत गेला. क्लास मी निवृत्तीपर्यंत चालवला. माझ्याकडून पडायला शिकलेली माणसं मावळात जागोजागी आहेत. शिडीवरून, सायकलवरून, पायरीवरून पडली आणि धड उठली. विचारलं तर सांगतात, आम्ही कराटे केलंय.

एवढ्या वर्षांत मला कळलं ते असं. लोक आधी कला बघून मग तिला नाव देत नाहीत. नाव आधी पोचतं, भोंग्यातून का होईना, आणि मग दिसेल ते त्या नावात बसवलं जातं. दोष कुणाचा नसतो. शिकवणाऱ्याला नाव किंवा विद्यार्थी यांतलं एकच मिळणार असेल, तर त्यानं विद्यार्थी घ्यावेत.

नावाचा हेवा वाटायचा तो वाटतोच. त्यावर उकेमी नाही.