गणपतीपुढचं दीपगृह

माझ्या चुलतसासऱ्यांइतका चिडका माणूस लंडनजवळच्या आमच्या अख्ख्या वॉटफर्डात नसेल, आणि त्यांच्यावर माझ्याइतकं चिडलेलंही कुणी नसेल. काकांना नुसतं 'कसे आहात' विचारा, तिसऱ्या वाक्याला पोर्ट ऑफ स्पेन आलंच म्हणून समजा! तरुणपणी बारा वर्षं ते त्रिनिदादच्या या राजधानीत, बंदरातला गाळ काढणाऱ्या बोटींवर इंजिनिअर होते. पुढची सगळी वर्षं इंग्लंडात गेली, पण त्यांबद्दल विचारलं तर "पाऊस" एवढंच उत्तर. माझ्या मुलाच्या वाढदिवसाला एक पाहुणा म्हणाला, "वेस्ट इंडिज म्हणजे क्रिकेट." झालं! काकांनी पोराच्या हातातली सुरी घेऊन केकवरच नकाशा काढला. "हे चिखलातलं कोळ्यांचं गाव. राजधानी होती आत, डोंगराकडे. स्पॅनिश गव्हर्नरचं तिथलं घर पडायला आलं, म्हणून तो इथे राहायला आला आणि हीच राजधानी झाली. नदी आडवी येत होती, तीच वळवून डोंगराच्या पायथ्याशी नेली. मग आगीत निम्मं गाव खाक!" इथे त्यांनी मेणबत्ती आडवी केली. मुलगा भोकाड पसरून रडायला लागला. "रडू दे, इतिहास आहे," काका म्हणाले. मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

गणपतीत तर कहर. आमच्या मंडळाचा देखावा काकाच करायचे, आणि दरवर्षी तोच: थर्माकोल आणि कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यांचं पोर्ट ऑफ स्पेन. समुद्रात भर घालून ते शहर वाढलं, म्हणून काकांचं शहरही दरवर्षी फूटभर पुढे यायचं आणि भटजी फूटभर मागे. गेल्या साली बिचाऱ्यांनी रेडिएटरला टेकून पूजा सांगितली. दीपगृह मात्र जिथल्या तिथे, भर रस्त्यात, किंचित कललेलं. इथे जन्मलेलं एखादं पोर हमखास विचारायचं, "अंकल, लाइटहाऊस रोडमध्ये कशी? सीजवळ पाहिजे ना?" की काका भडकलेच. "दीपगृह रस्त्यात नाही आलं! समुद्र मागे गेला!"

यंदा काका कायमचे कार्डिफला लेकीकडे जाणार होते. काकू गेल्यापासून एकटेच, त्यात गुडघे कामातून गेलेले. म्हणजे हा शेवटचा देखावा. आणि नेमकं यंदाच नव्या कमिटीने ठरवलं, भाड्याचा एलईडी स्क्रीन आणायचा, त्यावर रायगड. सेक्रेटरी मला म्हणाला, "ताई, इट्स जस्ट क्लीनर. काकांना तुम्हीच सांगा ना, तुमचे रिलेटिव्ह आहेत." मी 'बरं' म्हणाले. त्या 'बरं'चा संताप मला अजून येतो.

मी त्यांच्या घरी गेले तर डायनिंग टेबलभर शहर पसरलेलं, काका गोंदाने बरबटलेले. मी एका दमात सांगून टाकलं. ते ओरडणार म्हणून मी गाडीत उत्तरं पाठ करत आले होते, पण ते खोक्याला गोंद लावतच राहिले.

"अहो, ओरडा ना!" मीच ओरडले. "चहात साखर कमी पडली तर घर डोक्यावर घेता!"

काकांनी दीपगृह उचललं, त्यावरची धूळ फुंकली. "तुझी काकू तिथलीच. शाळेत शिकवायची. शाळा सुटली की माझी बोट येईपर्यंत याच्यापाशी उभी राहायची. भर ट्रॅफिकमध्ये. लोक हॉर्न मारायचे, ती हलायची नाही." मग दीपगृह माझ्या हातात दिलं. "एवढंच ठेव. जागा असली तर."

इतक्या वर्षांत हे कधी सांगितलं नव्हतं. नद्या, आगी, गव्हर्नर सगळं सांगितलं, आणि हे नाही! मला त्यांचा इतका राग आला की गाडीत बसून रडले.

गणपती बसले त्या दिवशी स्क्रीनवर रायगड झळकला. मी दीपगृह हॉलच्या दारापासून मूर्तीकडे जाणाऱ्या वाटेच्या बरोब्बर मध्ये ठेवलं. सेक्रेटरी धावत आला. "ताई, हे मध्येच काय? साइडला घेऊ या ना."

"ते मध्ये आलेलं नाही! समुद्र मागे गेलाय! हात लावून तर बघ!"

मी एवढ्या जोरात ओरडले की भटजींची घंटा थांबली. मागच्या खुर्चीतून काका उठले, काठी टेकत आले. वाकून त्यांनी दीपगृह जरासं तिरकं केलं.

"कललेलं असतं ते," ते हळूच म्हणाले. "किती वर्षं सांगतोय."

मग बाजूला न होता ते तिथेच, त्याच्यापाशी उभे राहिले. दर्शनाची रांग दोघांच्या दोन्ही बाजूंनी पुढे जात राहिली.