मास्तरांची उसवायची सवय

मास्तर दारू सोडणाऱ्यांच्या त्या बैठकीला गेले ते निव्वळ मेहुण्याला पोहोचवायला. मेहुण्याची दारू सुटावी म्हणून त्याच्या बहिणीने, म्हणजे मास्तरांच्या बायकोने हुकूम सोडला होता: दर शनिवारी त्याला दारापर्यंत सोडायचं, वाटेत कुठे वळू द्यायचं नाही. मास्तर पेशाने शिंपी. गिऱ्हाइकापुढे वाघ, बायकोपुढे मात्र टेपसारखे गुंडाळले जाणारे.

वाचनालयामागची खोली, लोखंडी खुर्च्या, थर्मासमधला चहा. चहाच्या आग्रहाने मास्तरही आत बसले. एकेकाने उठून आपल्याला काय सुटत नाही ते सांगायचं. मास्तरांची पाळी आली तेव्हा ‘मी आपला सोबतीला आलोय’ म्हणायला ते उठले खरे, पण तेवढ्यात त्यांचा हात शेजारच्या माणसाची दुमडलेली कॉलर सरळ करत होता. खोली खो खो हसली.

मेहुणा म्हणाला, “भाऊजींचं व्यसन माझ्याहून जुनं आहे. समोरच्याचं काय चुकलंय ते सांगितल्याशिवाय यांना घास उतरत नाही.”

मास्तर तणतणत घरी आले आणि बायकोला विचारलं, की हे खरं का? बायको भाजी निवडत होती. तिने नुसतं मान वर करून पाहिलं. लेक दीड वर्षात बापाशी एक शब्दही बोलली नव्हती, ते कशामुळे, हे त्या घरात वेगळं सांगावं लागत नसे.

लेक सहा वर्षं बापाच्या हाताखाली शिकली. पहिला कोट तिने एकटीने शिवला, गिऱ्हाईक खूश झालं. ती जेवायला गेली तेवढ्यात मास्तरांनी त्याच गिऱ्हाइकासमोर कोटाच्या दोन्ही बाह्या उसवल्या आणि नव्याने बसवल्या. लेक परत आली, तिने पाहिलं, आपली कात्री उचलली आणि त्याच गल्लीत चार दुकानं सोडून स्वतःचं दुकान थाटलं.

पुढच्या शनिवारी मास्तर स्वतःसाठी गेले. व्यसन सोडायच्या पायऱ्या एकूण बारा, आणि दारूच्या जागी ‘चुका काढणं’ घातलं की सगळ्या जशाच्या तशा अंगाला बसत होत्या. पहिली पायरी, आपलं या सवयीपुढे काही चालत नाही हे कबूल करणं. तिलाच तीन आठवडे गेले. आपल्याहून मोठी शक्ती मानायची, ही मात्र चुटकीसरशी झाली. त्यांनी डोळे मिटून बायको म्हटलं.

मग दुखावलेल्या माणसांची यादी करायची आली. ती त्यांनी कापडाच्या बेतासाठीच्या खाकी कागदावर केली, तरी कागद पुरेना. एकेकाकडे जाऊन माफी मागायला लागले. औषधवाल्याला म्हणाले, तुमच्या पँटला चारचौघांत नावं ठेवली, चुकलं माझं. तो बिचारा गहिवरला. तेवढ्यात मास्तरांच्या तोंडून गेलं, की उजवा पाय अजून लांबच आहे हो. आठ महिने कोरडा राहिलेला मेहुणा आता त्यांचा मार्गदर्शक होता, आणि ते काम तो फार चवीने करत होता. त्याने त्यांना औषधवाल्याकडे दुसऱ्यांदा पाठवलं. औषधवाल्याने घाबरून काउंटरमागूनच माफ केलं.

यादीतलं पहिलं नाव शेवटी उरलं. मास्तर लेकीच्या दुकानात गेले आणि सदऱ्याचं कापड टेबलावर ठेवलं. तिने गिऱ्हाइकाचं घ्यावं तसं माप घेतलं, एवढंच म्हणाली, “पोट आत ओढू नका.”

आठ दिवसांनी सदरा तयार झाला. मास्तरांनी आरशात पाहिलं. डावी बाही खांद्यावर किंचित ओढत होती. त्यांच्या जबड्याची हालचाल बघून लेकीने हात बांधले.

“बोला की.”

“छान झालाय.”

“बाबा, खरं सांगा.”

सव्वादोन वर्षांनी ‘बाबा’ कानावर पडलं आणि मास्तरांनी आरशाकडे पाठ केली. “बाहीबद्दल बोलायचं तर पुष्कळ आहे,” ते म्हणाले. “पण मी त्यासाठी आलो नाही. तुझ्या कोटाच्या बाह्या चांगल्या होत्या. माझ्या हाताखालचं माणूस माझ्यावाचून कोट शिवतं, हे मला बघवलं नाही. म्हणून उसवल्या.”

लेकीने हातातला खडू डबीत टाकला. मग म्हणाली, की आज फार गर्दी आहे, चार सदऱ्यांना बटणं लावायची राहिलीत. स्टूल तिकडे आहे. बोलायचं मात्र नाही.

मास्तर बसले. दुपारभर एक शब्द नाही. संध्याकाळी लेकीने चौथा सदरा उजेडात धरला, डोळे बारीक केले आणि म्हणाली, “हे तिसरं बटण जरासं खाली गेलंय.”

बटण तसूभरही खाली नव्हतं. चाळीस वर्षांचा हात होता तो. मास्तरांनी लेकीकडे पाहिलं; ती ओठ दाबून हसू आवरत होती. त्यांनी मुकाट्याने धागा कापला, बटण काढलं आणि होतं त्याच जागी पुन्हा लावलं.

“आता बरोबर आहे,” लेक म्हणाली. “उद्या दहाला या.”

शनिवारी मास्तरांनी उभं राहून हे सगळं सांगितलं, तेव्हा मेहुण्याने सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या. बटण मुळात जागेवरच होतं, हेही मास्तरांनी सांगितलंच. तीनदा.