नखं बघणारी कासारीणबाई

कासारीणबाई बांगड्या भरायच्या आधी नखं बघायची. हात पुढे केला की तिची नजर आधी बोटांच्या टोकांवर. एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. सावली तालुक्यातल्या आमच्या गावात तिची टोपली उतरली की बाया हात घासूनपुसून यायच्या, तरी सुटका नसायची.

"नख खोलगट होऊन राह्यलं तुहं. घरची भाजी कोण खाते, नवरा?" असं ती चारचौघींत विचारायची. कोपरावर खरखरीत पुरळ दिसलं की शेवग्याचा पाला, केस विरळ दिसले की बोडीतली, शेतातल्या तळ्यातली, मच्छी खायला सांगायची. आई चिडायची. "बांगड्या भर ना बाई, बाकीच्या पंचायती काऊन करतं?" आणि संध्याकाळी गुपचूप पाला शिजवायची.

पुढे मी शाळेत विज्ञान शिकवू लागले. नखं, केस, त्वचेचा वरचा थर हे सगळं केरॅटिन नावाच्या प्रथिनाचं. ते नीट घडवायला त्वचेच्या पेशींना प्रथिनं, लोह, जस्त, अ जीवनसत्त्व लागतं, आणि ते येतं ताटातून. हा धडा शिकवताना मला दर वेळी बाईच आठवायची.

मी लहान असताना तिची लेक मंजुळा बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा मात्र हीच बाई गप्प बसली. आमच्याकडे बाळंतिणीला मच्छी नाही, पाला नाही. नुसता भात आणि मीठ. गावाला मच्छी खा सांगणारीनं स्वतःच्या लेकीला पथ्यावर ठेवलं. मला अजून तिचा राग येतो, आणि लगेच वाईटही वाटतं.

बारशाला तिनं लेकीला बांगड्या भरल्या. हात दाबावाच लागला नाही. "लोण्यावानी हात हाय पोरीचा," बाया कौतुकानं म्हणाल्या. बाई लेकीच्या नखांकडे बघत राहिली. पांढरीफटक, खोलगट. त्याच दिवशी तिनं मच्छी रांधली, पण मंजुळाच्या पोटात काही ठरेना. पावसाळा सरायच्या आत मंजुळा गेली.

पुढच्या वर्षी माझा धाकटा भाऊ झाला. बाई आली, बांगड्यांखाली अंथरलेल्या भाताच्या तणसातून सुक्या मच्छीची पुडी काढली, चुलीवर भाजून आईपुढे ठेवली.

"बाळंतिणीचं पथ्य मोडून राह्यली का तू?" मोठी काकू कडाडली.

आईचं खाऊन होईपर्यंत बाई तिचा हात धरून बसली होती.

"मोडून राह्यली, बाई," ती म्हणाली. "मले एवढी अक्कल याले माही मंजुळा जावी लागली."