मीटरवाल्यांचे ठेवणीतले बूट

पाण्याच्या मीटरचे आकडे टिपत फिरणं हे त्यांचं काम, म्हणून सगळे त्यांना मीटरवाले म्हणत. सकाळी आठला घर सोडायचं, एकामागून एक इमारतींचे जिने चढायचे-उतरायचे, कुंड्यांच्या आड आणि जिन्यांखाली दडून बसलेली मीटरं हुडकायची, बॅटरी मारून आकडा वाचायचा आणि पुढच्या दाराची बेल दाबायची. बत्तीस वर्षं हेच. अंगाने काटकुळे, बोलायला कंजूष, कुत्र्यांना टरकून असणारे. पण बूट असे, की समोरच्याने वाकून त्यात भांग पाडून घ्यावा.

हे वेड नोकरीच्या पहिल्याच दिवशी लागलं. नवे मीटरवाले चिखलाने बरबटलेल्या बुटांनी कचेरीत हजर झाले, तेव्हा हजेरी घेणाऱ्या साहेबांनी त्यांना दारातच अडवलं.

"लोक आपल्याला घरात घेतात ते काय तोंड बघून? दार उघडणारी बाई आधी तुझे पाय बघते आणि मग स्वतःची फरशी. जा, पुसून ये."

मीटरवाले गेले, पुसून आले आणि ती गोष्ट त्यांनी जी मनाला लावून घेतली ती कायमची.

तेव्हापासून कामाचे दोन जोड. आज एक, उद्या दुसरा. घातलेल्या जोडाला एक दिवस सुट्टी, कारण दिवसभराचा घाम चामड्यात मुरतो आणि तो वाळायला वेळ लागतो. भिजलेले बूट उन्हात कधी ठेवायचे नाहीत, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत ठेवायचे. उन्हाने चामडं पापडासारखं कडक होतं आणि भेगाळतं. एवढं सगळं मीटरवाले एका दमात बोलत. एरवी त्यांच्या तोंडून सलग चार वाक्यं निघणं मुश्कील.

रविवारी सकाळी बाल्कनी त्यांची. बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यातून सामान निघायचं. एक काळं पॉलिश, एक तपकिरी, दोन्हींचे ब्रश वेगवेगळे, कारण एकाचा ब्रश दुसऱ्याला लागणं म्हणजे घोर अपराध. फाटक्या बनियनच्या चिंध्या. कडेच्या शिवणीतली माती काढायला निवृत्त झालेला टूथब्रश. आधी नाड्या काढायच्या. मग कोरड्या ब्रशने धूळ झटकायची, ओल्या फडक्याने पुसायचं आणि वाळू द्यायचं. बोटाला चिंधी गुंडाळून नखाएवढं पॉलिश घ्यायचं आणि गोल गोल फिरवत जिरवायचं. मग दहा मिनिटं हात लावायचा नाही. या दहा मिनिटांत ते चहा पीत. नंतर ब्रश आणि शेवटी चिंधीवर पाण्याचा एक थेंब घेऊन हलक्या हाताने घासणं, की आली चकाकी.

त्यांची बायको नर्स. इस्पितळात, शेजारीपाजारी, दुकानात, सगळीकडे तिला सिस्टर म्हणत. नवजात बाळांच्या विभागात तिची सगळी नोकरी गेलेली. तिचे पांढरे चामडी बूट हेही मीटरवाल्यांचंच खातं. एक दिवसाआड संध्याकाळी ते बूट पुसले जात, त्यांना पांढरा रंग लागे आणि ते दाराशी जोडीने उभे राहत. याबद्दल दोघांत कधी बोलणं झालं नव्हतं. तिच्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात ते सुरू झालं आणि चालू राहिलं, इतकंच.

सिस्टर मात्र तोंडाची फटकळ. बाल्कनीतून जाता-येता एखादं वाक्य टाकल्याशिवाय तिला चैन पडत नसे. "अहो, त्या बुटाला जितकं मलम चोळताय त्याच्या निम्मं माझ्या गुडघ्याला चोळलंत, तर मी नाचत कामावर जाईन."

"गुडघा चकाकत नाही," मीटरवाले म्हणत.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा सिस्टरने नवऱ्यासाठी एक जोड आणला. गडद लालसर तपकिरी, पिकलेल्या जांभळाकडे झुकणारा रंग. चामडं इतकं मऊ, की मीटरवाल्यांनी आधी हात धुतला आणि मग बोट लावलं. पाय घालून ते खोलीत सहा पावलं चालले, सहा पावलं परत आले, बूट काढले आणि पातळ कागदात गुंडाळून पेटीत ठेवले.

"काय झालं? लागतायत का?"

"लागत नाहीत गं. असे बूट पायात घालायचे असतात का?"

"मग काय डोक्यावर घालायचे असतात?"

पण बूट काही घातले गेले नाहीत. आज काय, आभाळ भरून आलंय. उद्या काय, तिथे फार गर्दी असते, कोणीतरी पाय देईल. भाचीच्या लग्नाला म्हणे बूट बाहेर काढून ठेवावे लागतील, मग नजर कोण ठेवणार? महिन्याच्या पहिल्या रविवारी मात्र पेटी उघडायची. न वापरलेल्या बुटांवरची न बसलेली धूळ झटकली जायची, क्रीम लागायचं, चकाकी यायची आणि स्वारी परत कपाटाच्या वरच्या फळीवर. असं आठ वर्षं चाललं.

"बाबा, यांचा वाढदिवस करू या का?" लेक विचारायची. "केक मी आणते."

मीटरवाले हसायचे आणि झाकण लावायचे.

सिस्टरच्या नोकरीला तीस वर्षं पूर्ण झाली तेव्हा इस्पितळाने तिचा सत्कार ठरवला. इस्पितळाच्या सभागृहात, दुपारी चार वाजता. घरच्यांना पहिली रांग. सिस्टरने चार ओळींचं भाषण लिहून काढलं, पाठ केलं, विसरली, पुन्हा पाठ केलं. निघायच्या वेळी मीटरवाले काळ्या जोडात पाय घालताना दिसले, तशी ती दारात आडवी उभी राहिली.

"आज ते बूट निघाले नाहीत, तर मीही निघणार नाही. सत्कार तुमच्या काळ्या बुटांचा करू दे त्यांना."

मीटरवाल्यांनी खिडकीतून आकाश बघितलं. स्वच्छ होतं. लेकीने पेटी आधीच उतरवून ठेवली होती. बूट पायात गेले आणि खरंच, डोळे दिपावेत असे दिसले. टॅक्सीत ते पाय जरा उचलूनच बसले, पायपुसणी मळकी होती म्हणून.

सभागृहाच्या दारातून आत येताना त्यांना पहिल्यांदा काहीतरी वेगळं वाटलं. पायाखाली मऊ लागत होतं, पावावर चालल्यासारखं. उंची बूट असेच असत असतील, असं म्हणून ते पहिल्या रांगेत जाऊन बसले. सहज मागे नजर गेली, तर पांढऱ्या फरशीवर दारापासून त्यांच्या खुर्चीपर्यंत काळ्या भुग्याची रेघ. त्यांना वाटलं, कोणीतरी केक सांडत गेलंय. झाडू मारणाऱ्या मावशी आल्या, पुटपुटत भुगा लोटून गेल्या. मीटरवाल्यांनी पाय जरा सरकवला, तर आणखी मूठभर केक.

त्यांनी पायावर पाय टाकला आणि आठ वर्षांत प्रथमच त्या बुटाची खालची बाजू बघितली. सोलला नदी आटल्यावर गाळाला पडतात तशा भेगा पडल्या होत्या. त्यांनी बोटाने हलकेच दाबलं. तुकडा निखळून हातात आला आणि बोटांतच त्याचा चुरा झाला.

"काय झालं बाबा?" लेकीने कुजबुजत विचारलं.

"काही नाही. हलू नकोस."

"मी कुठे हलतेय?"

मंचावर मोठे डॉक्टर बोलत होते. सिस्टरच्या हातांखालून किती बाळं गेली, त्यातली दोन आज इथेच डॉक्टर आहेत, वगैरे. मीटरवाल्यांच्या कानांवर काही पडत नव्हतं. कार्यक्रम संपेपर्यंत बसून राहायचं, सभागृह रिकामं झालं की मोज्यांवर निघायचं, असा बेत त्यांनी मनात पक्का केला. तेवढ्यात ध्वनिक्षेपक खरखरला.

"सिस्टरांच्या यजमानांनीही मंचावर यावं, अशी विनंती."

टाळ्या सुरू झाल्या. लेकीने कोपराने ढोसलं. मीटरवाले उठले आणि पाय न उचलता, फरशीवरून सरपटत निघाले. बघणाऱ्यांना वाटलं, बिचाऱ्यांचे गुडघे दुखतात. सपाटीवर हे जमलं, पण मंचाला तीन पायऱ्या होत्या. पहिली चढली. दुसरी चढली. तिसरीवर उजवा पाय उचलला, तर पाय वर आला आणि सोल खालीच राहिला.

ते तसेच पुढे गेले, सिस्टरशेजारी जाऊन उभे राहिले आणि समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू लागले. वरून बूट झगझगीत, खाली नुसता पुठ्ठा.

मोठ्या डॉक्टरांची नजर पायरीवर गेली. त्यांनी वाकून तो काळा तुकडा उचलला, उलटासुलटा करून पाहिला आणि ध्वनिक्षेपकासमोरच विचारलं, "हे कोणाचं आहे?"

मीटरवाल्यांनी आयुष्यात कधी चारचौघांत तोंड उघडलं नव्हतं. पण दारोदार खरा आकडा सांगायची सवय आड आली.

"माझं आहे, साहेब."

सभागृह फुटलं. मागच्या रांगेतल्या नर्सा एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. मोठ्या डॉक्टरांनी हसू दाबत सोल परत केला, तोही दोन्ही हातांनी, मानचिन्ह दिल्यासारखा. मीटरवाल्यांनी तो घेतला. कान तापून लाल झाले होते. सिस्टरकडे बघायची हिंमत होत नव्हती. तीस वर्षांतला तिचा एक दिवस, आणि आपण त्याचा भुगा केला.

सिस्टर ध्वनिक्षेपकापाशी गेली. हातातला कागद उघडला, बघितला आणि घडी करून ठेवून दिला. तिचेही खांदे हलत होते.

"भाषण लिहून आणलं होतं, ते आता राहू दे," ती म्हणाली. "हे बूट मी यांना आठ वर्षांपूर्वी दिले. यांनी ते इतके जपले, की घातलेच नाहीत. तुम्ही हसताय ते बरोबरच आहे, मीही हसतेय. पण तीस वर्षं वॉर्डात सगळे मला विचारायचे, सिस्टर, तुमचे बूट एवढे पांढरे कसे? मी म्हणायची, असतात. ते असत नव्हते. हे करायचे. एक दिवसाआड, न सांगता. मीही कधी बोलले नाही. तर आज बोलून टाकते."

आणि ती नवऱ्याकडे वळून म्हणाली, "छान करता हो."

या वेळच्या टाळ्या वेगळ्या होत्या. मीटरवाले सोल छातीशी धरून उभे राहिले. डावाही बूट खाली हळूहळू बसत चालला होता, पण आता त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं.

फोटोत ते मोज्यांवर आहेत. चहापानाच्या वेळी निदान सहा जणांनी येऊन आपापल्या बुटांची रडगाणी गायली, आणि मीटरवाल्यांनी प्रत्येकाला पाणी, सावली आणि वर्तमानपत्राचे बोळे यांवर सविस्तर माहिती दिली. लेक म्हणाली, बाबांना इतकं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी ते बुटांचे अवशेष पिशवीत घालून दुरुस्तीच्या दुकानात गेले. जेमतेम एक माणूस मावेल एवढं दुकान, भिंतीवर लाकडी साचे टांगलेले, आणि मधोमध एक जाडजूड बाई मांडीवर चामडी एप्रन टाकून बसलेली. तिने बूट हातात घेतला, वरून अंगठा फिरवला आणि भुवया उंचावल्या.

"चामडं कोणी राखलंय?"

"मी."

"झकास राखलंय." मग उलटा केला. "आणि खाली?"

"खाली... खाली बघितलंच नाही."

"काका, हा फोमसारखा माल असतो. चालत राहिलं की बरीच वर्षं काढतो. पेटीत पडून राहिला की दमट हवा त्याला आतून खाते. तुम्ही वर क्रीम लावत बसलात, तिकडे खाली त्याने कधीच मान टाकली होती."

मीटरवाल्यांना ते चांगलंच लागलं. बत्तीस वर्षांचा अभ्यास, आणि एका बाईने पाच मिनिटांत तळ उघडा पाडला. पण ते उठून गेले नाहीत. तिथल्याच स्टुलावर बसले आणि नवा सोल कशाचा घालणार, चिकटवणार की शिवणार, शिवणीला मेण लागतं का, असं सगळं खोदून खोदून विचारलं. बाई रागावली नाही. असं गिऱ्हाईक तिलाही रोज भेटत नसावं. "चामड्याचा घालते, शिवून," ती म्हणाली. "पण एका अटीवर. हे बूट परत पेटीत गेले, तर माझ्याकडे यायचं नाही."

आठ दिवसांनी बूट आले आणि थेट कामाच्या रांगेत लागले. आता तीन जोड, प्रत्येकाला दोन दिवस सुट्टी. पहिल्या दिवशी मीटरवाले काचेवरून चालल्यासारखे चालले. दुसऱ्या खेपेला जरा सैल झाले. तिसऱ्या खेपेला एका इमारतीचं लोखंडी फाटक वाऱ्याने आपटलं आणि डाव्या बुटाच्या नाकावर बोटभर लांब ओरखडा उठला.

संध्याकाळी ते बाल्कनीत बसले. क्रीम लावलं, जिरवलं, पुन्हा लावलं. ओरखडा फिकट झाला, गेला नाही. सिस्टर दाराला टेकून बघत होती. आज ती काही टाकून बोलेल म्हणून त्यांनी वाट पाहिली.

"फार दिसतोय का गं?"

तिने वाकून बघितलं. "तिरकं धरलं तर दिसतो."

"मग तिरकं धरू नये," मीटरवाले म्हणाले आणि नाड्या ओवू लागले. "चल, भाजी आणायची आहे ना? मी येतो."

"हे घालून? बाजारात किती चिखल आहे, माहितीये?"

"आल्यावर पुसेन."

सिस्टरने पिशवी घेतली, आणि दोघं जिना उतरून बाजाराच्या रस्त्याला लागली.