कमरेवरचं लेबल

वहीच्या लेबलच्या गोंदाचा वास आला की मला ती चित्रातली बाई आठवते. पनवेलच्या एसटी स्टँडामागच्या आमच्या आर्ट कॉलेजात मला मॅनरिझम या जुन्या युरोपीय चित्रशैलीतल्या एका न्यूड पेंटिंगवर बोलायचं होतं, आणि लायब्ररीच्या पुस्तकात सरांनी नेमकं तिच्या कमरेवर नाव, इयत्ता, विषय छापलेलं वहीचं लेबल चिकटवलेलं. सर म्हणाले, “तेवढं सोडून बोल रे.” मी त्यांच्याच घोगऱ्या आवाजात म्हटलं, “सगळं चित्र तेवढ्यावरच आहे, सर.” वर्ग फिस्सकन हसला. “खाली बस, नायतर मार्क विसर.” मी बसलो नाही. ओल्या बोटाने लेबल सोलून काढलं आणि जीन्स-टीशर्टवरच तिच्यासारखी कंबर पिळून, मान ताणून उभा राहायला गेलो, तर धाडकन बाकावर आपटलो. उठून म्हटलं, “बघा, असं अंग कुणाचंच नसतं. तिची पाठ मुद्दाम लांबवलीय, बघणाऱ्याची नजर तिच्यावरून सावकाश फिरावी म्हणून. मी सरांचा आवाज ताणतो ना, तसंच. आणि ती लाजत नाहीये, मग आपण कशाला?” सरांनी मार्क कापलेच. आता त्याच वर्गात मी शिकवतो. त्या पानावर गोंदाचा चौकोनी डाग अजून आहे, आणि मी पोरांना पहिलं तेच पान उघडायला लावतो.