बंधाऱ्याच्या वरचा डोह

गल्लीत सगळे तिला मासेबाई म्हणत. ती मासे विकत नसे, माशांवर संशोधन करायची. नदीकाठच्या संशोधन केंद्रात तिची नोकरी होती. पुढे दोन खोल्यांची प्रयोगशाळा आणि मागे पत्र्याच्या छपराखाली सिमेंटच्या टाक्या. घरी आल्यावर ती लिंबाच्या फोडीनं हात चोळचोळून धुवायची, तरी सासरे नाक उचलून म्हणायचे, "आज कामावर गेली होतीस वाटतं!" सासरे निवृत्त बसचालक. गळ टाकून नदीकाठी बसणं हा त्यांचा एकुलता एक शौक, त्यामुळे घरात माशांबद्दल बोलायला तिला तेवढेच एक होते. नवरा वायरमन. विषय निघाला की तो ताट उचलून टीव्हीसमोर जायचा.

तिचं काम दोन जातींवर होतं. एक पट्टेरी, याच नदीतला सडपातळ मासा. त्याच्या कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक नारिंगी रेघ जाते. तो दुसरीकडे कुठे सापडत नाही. दुसरा ढबू, शेततळ्यांसाठी बाहेरून आणलेला. रुंद पाठीचा, मिळेल ते खाणारा, बघता बघता वाढणारा. तळ्यांतून सुटून तो कधीच नदीत शिरला होता. या दोघांचा संकर होतो का आणि झालेली पिल्लं पुढे वंश वाढवतात का, हे ती तपासत होती. पट्टेरीच्या मादीच्या पोटावरून अलगद अंगठा फिरवून अंडी बशीत घ्यायची, त्यावर ढबूच्या नराचं बीज सोडायचं आणि पिसानं हळूच ढवळायचं. पिल्लं व्हायची, धडधाकट वाढायची, पण सगळी वांझ निघायची. उलटा संकर तिला कधी जमलाच नाही, कारण ढबूच्या माद्या टाकीत अंडी धरत नसत. तेव्हा तिनं बैठकीत छातीठोकपणे सांगितलं होतं, की नदीत असा संकर झालाच तर तो एका पिढीत आपोआप संपेल.

एका रविवारी सकाळी ती बाजारात गेली होती. ओळखीच्या मासेवालीनं पाटीतला एक मासा उचलून तिच्यापुढे धरला.

"ताई, हा घेऊन बघा. ढबूसारखा भरलेला आणि चवीला पट्टेरी. आता लोक हाच मागतात."

तिनं मासा हातात घेऊन उलटवला. पाठ रुंद होती. कुशीवर नारिंगी रेघ होती, पण फिकट, मधेमधे तुटलेली. असे किती येतात, असं तिनं विचारलं, तेव्हा मासेवाली म्हणाली की हल्ली निम्मी पाटी हेच असतात.

तिनं होते तेवढे घेतले आणि घरी न जाता थेट केंद्र गाठलं. सुट्टीच्या दिवशी तिला बघून पहारेकऱ्यानं भुवया उंचावल्या. तिनं पहिल्या माशाचं पोट चिरलं आणि सुरी खाली ठेवली. आत गाभोळी होती. दुसऱ्यातही. ज्यांना पुढे काही होणार नाही असं ती सांगत आली होती, ते मासे पोट भरभरून अंडी घेऊन फिरत होते.

त्या दिवसापासून तिला दोन गोष्टींची भीती वाटू लागली. एक भीती अशी, की हे आपल्याच टाक्यांतून तर सुटले नाहीत? तपासलेली सगळी पिल्लं वांझ होती, पण न तपासलेली एखादी तशी नसली तर? दोन वर्षांपूर्वी नदी चढली तेव्हा मागच्या टाक्या पाण्याखाली गेल्या होत्या. दुसरी भीती त्याहून मोठी होती. हे मासे पट्टेरींत मिसळत राहिले तर नदी माशांनी गच्च भरलेली असेल, कुणाला काही चुकल्यासारखं वाटणारही नाही, फक्त त्यात एकही पट्टेरी उरणार नाही. घरात तिच्या हातून भांडी निसटू लागली. नवऱ्यानं विचारलं तर डोकं दुखतंय म्हणाली.

शेवटी तिनं केंद्रप्रमुखांना सांगितलं. त्यांनी दार लोटून घेतलं.

"टाक्यांतून सुटले असं मी म्हणत नाही. तुम्हीही म्हणू नका. आधी तपासा," ते म्हणाले.

तपासायला एक वाट होती. पेशीत डीएनएचा एक छोटासा भाग असतो, तो फक्त आईकडून येतो. तिच्या टाकीतल्या प्रत्येक संकराची आई पट्टेरी होती. बाजारातल्या माशांच्या आईचीही तीच जात निघाली, तर ते सुटले होते तिच्याच हातून. तिनं परांचे तुकडे कापून नमुने तपासणीला लावले. निकाल येईपर्यंत तिला अन्न गोड लागलं नाही. कागद हातात आला तेव्हा तो वाचण्याआधी तिनं खुर्ची ओढून घेतली.

आई ढबू होती. सगळ्यांची.

तिला हायसं वाटलं. प्रमुख म्हणाले, "सुटलो बुवा." ती मान डोलावणार तोच तिला दुसरी गोष्ट उमगली. जो संकर टाकीत जमत नव्हता तो नदीत कुणाच्याही मदतीशिवाय चालू होता, आणि त्याची पिल्लं वांझ नव्हती. टाकीतून सुटलेला मासा कधीतरी पकडून संपवता आला असता. नदी कशी थांबवायची?

मग तिनं कोळ्यांना बरोबर घेऊन नदी धुंडाळली. बंधाऱ्याच्या खाली जाळं टाकावं तिथे तुटक्या रेघेचे मासे. शुद्ध पट्टेरी औषधालासुद्धा मिळेना. पण बंधारा जुना, दगडी आणि उंच होता. कुठलाही मासा तो चढू शकत नसे. वरच्या डोहातले सगळे नमुने शुद्ध आले.

त्या संध्याकाळी ती बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली. जेवता जेवता तिनं सासऱ्यांना सगळं सांगितलं, अगदी पहिल्यापासून. वर ढबू पोचलेला नाही, म्हणून निदान तिथे तरी हा मासा टिकेल, असं ती म्हणाली. सासऱ्यांचा हात ताटातच थांबला.

"वरच्या डोहात?"

"हो, बाबा."

त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "तिथे मी सोडलेत. डब्यातून नेऊन."

टीव्हीचा आवाज बंद झाला. नवरा दारात येऊन उभा राहिला.

सासऱ्यांचे गुडघे दुखायचे. खालच्या घाटाच्या पायऱ्या त्यांना उतरवत नव्हत्या. वरच्या डोहाशी मात्र सावली होती, बसायला सपाट दगड होता, फक्त गळाला मोठा मासा लागत नव्हता. "पिल्लं होती गं, बोटाएवढी," ते म्हणाले. "वाटलं, वाढतील. कुणाचं काय वाकडं होणार होतं?"

तिला राग आला नाही. रागाला जागाच नव्हती, इतकी ती घाबरली होती. तिनं फक्त दोन प्रश्न विचारले. किती सोडले, आणि कधी. कधी ते त्यांना आठवत होतं. तिनं मनात हिशेब केला, ती पिल्लं आता अंडी घालण्याच्या वयाला आली असणार. किती सोडले ते मात्र त्यांना नक्की सांगता येईना. सहा असतील म्हणाले. मग म्हणाले, की सात.

दुसऱ्या दिवसापासून कोळ्यांनी डोहात जाळी फिरवायला सुरुवात केली. पाणी खोल होतं, काठाखाली मुळांची गुंतागुंत. सासऱ्यांना घरी थांबा म्हटलं तरी ते आले आणि गळ टाकून बसून राहिले. जाळ्यात एकेक करून पाच ढबू लागले. सहावा त्यांच्या गळाला लागला. ती मादी होती. मासेबाईनं तिच्या पोटावरून अंगठा फिरवला, तशी पिकलेली अंडी तळहातावर सांडली. पाचांत नरही होते.

सातवा सापडला नाही. आठवडा गेला, महिना गेला. कोळी म्हणाले की एवढ्या वेळात तो लागला नाही म्हणजे तो नव्हताच. तिला तसं म्हणवत नव्हतं. डोहातल्या काही पट्टेरी जोड्या आणून तिनं केंद्रातल्या टाक्यांत जपल्या. खालच्या नदीबद्दल तिनं अहवालात स्वच्छ लिहून टाकलं, की तिथला पट्टेरी आता परत मिळणार नाही.

सासऱ्यांनी गळ माळ्यावर टाकला. तिनं त्यांना एका शब्दानंही दुखावलं नाही, पण माशांवरच्या गप्पा संपल्या. दरवर्षी हंगाम सरला की ती डोहावर जाते, नव्या पिल्लांच्या परांचे तुकडे घेते आणि निकाल येईपर्यंत घरात असून नसल्यासारखी वावरते. आजवर सगळे नमुने शुद्ध आले. यंदा एका पिल्लाची पाठ तिला जरा रुंद वाटली. तिनं ते ओल्या तळहातावर धरून पुन्हा पुन्हा पाहिलं, पराचा तुकडा कापून घेतला आणि मग पाण्यात सोडलं. निकाल आला. शुद्ध होतं, नुसतंच खाऊन गुटगुटीत झालेलं.

तिनं घरी येऊन सासऱ्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि ते म्हणाले, "पण तो एक असेलच, तर केवढा झाला असेल गं आता?"